एकेकाच्या हाती दोन सूर

वसईच्या खाडीच्या उत्तरेला वसईचा कोट आणि दक्षिणेला भाईंदर, उत्तन, चौक, डोंगरी ही गावं. १७३७ ते १७३९ या काळातल्या वसईच्या मोहिमेत धारावी बेटाचा हा टापू मराठे आणि पोर्तुगीज यांच्या झुंजीचा मुलूख होता. चौकजवळचे धारावी किल्ल्याचे अवशेष आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतात. मे १७३९मध्ये वसई पडली आणि चर्चमधल्या घंटा मराठी फौजेबरोबर घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर जी घंटा टांगली आहे तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. भीमाशंकरालाही अशीच एक घंटा आहे. हा इतिहास मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. त्याच्या सांगीतिक बाजूकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एकेक घंटा एकेका देवळात गेली आणि तिथे एकटीच राहिली. देवळात येणारा प्रत्येक जण तीच घंटा, तोच सूर, आपापल्या वेळी वाजवतो आणि पुढे होतो. अनेक सुरांच्या अनेक घंटा अनेक हातांत द्यायच्या आणि त्या साऱ्यांनी मिळून एकच धून वाजवायची, ही रीत दुसऱ्या देशांत वाढली. ती वाढवली मुख्यतः संगीतशिक्षकांनी आणि चर्चमधल्या वादकचमू घडवणाऱ्यांनी. त्यांनी ती नुसती शिकवली नाही, त्या चमूंसाठी रचना लिहिल्या. या लेखात मला हेच मांडायचं आहे : समूहाकडून वाजवून घेणारा शिक्षक रचनाकार झाल्याशिवाय त्याचं शिकवणं पुरं होत नाही, आणि आपल्या शाळांमधलं संगीत जिथे अडलं आहे ते नेमकं इथेच अडलं आहे.

आधी हे वाद्य जवळून पाहू. हँडबेल म्हणजे मुठीची, सुरात लावलेली, कासं ओतून केलेली घंटा. देवळातल्या लहान घंटेचा लोलक कुठूनही कुठेही आपटतो. हँडबेलचा लोलक एकाच रेषेत, पुढे आणि मागे हलतो आणि स्प्रिंगमुळे टोला पडताच घंटेपासून सुटून येतो. त्यामुळे वाजवणाऱ्याने मनगटाला एक हिसका दिला की एकच टोला पडतो, दुसरा चुकूनही पडत नाही. टोला दिल्यावर हात छातीसमोरून वर्तुळात फिरवला की सूर मोकळा वाहतो. घंटा खांद्याला टेकवली की तो तिथेच थांबतो. अंगठा घंटेच्या अंगावर ठेवून वाजवली तर तोच सूर आखूड, टिचकीसारखा येतो. टेबलावरच्या जाड गादीवर घंटा आपटून वाजवण्याचीही एक पद्धत आहे. दोन सप्तकांच्या संचात २५ घंटा असतात, तीन सप्तकांच्या संचात ३७. सर्वसाधारणपणे एका माणसाकडे दोन घंटा, डाव्या हातात खालचा सूर आणि उजव्या हातात वरचा. म्हणजे आठ-दहा माणसं मिळून पेटीची एक पट्टी होतात. धून कुणा एकाच्याही हातात नसते.

याचं मूळ इंग्लंडमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत आहे. तिथे घंटा दोराने पूर्ण फेऱ्यात फिरवतात आणि त्यांचा क्रम दर खेपेला बदलत नेतात. आठ घंटांचे क्रम ४०,३२० होतात, आणि ते पाठ करण्यासाठी रोज मनोऱ्यावर जाऊन गावाचे कान किटवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून घरात बसून सराव करता यावा यासाठी लहान हातघंटा आल्या. विल्टशरमधल्या ऑल्डबर्नच्या कॉर बंधूंची नावं या घडणीत पहिल्यांदा घेतली जातात. मनोऱ्यातल्या अशा आठ घंटांचा संच बघायला पुणेकरांना लांब जायला नको. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयात तो आहे. सरावाची ही हातघंटा पुढे स्वतंत्र वाद्य झाली. अमेरिकेत ती नेली तमाशेवाल्या बार्नमने, लँकेशरच्या वादकांना स्विस म्हणून मिरवत. तिला घरात आणि वर्गात आणलं ते बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांनी. १९०२ साली त्यांना लंडनहून घंटांचा संच मिळाला, १९२३ साली त्यांनी बीकन हिलचा चमू उभा केला आणि १९५४ साली अमेरिकेतल्या वादकांचा महासंघ झाला. तिथून पुढे हँडबेल शाळा आणि चर्च यांचं वाद्य झालं, आणि त्यासाठी लिहिणारे बहुतेक जण हे त्याच शाळांतले, त्याच चर्चमधले शिक्षक होते.

हा योगायोग नव्हे. पियानोची रचना दहा बोटांच्या कोणत्याही वादकाला देता येते. व्हायोलिनची गत दुसऱ्या गावातला व्हायोलिनवाला वाजवू शकतो. हँडबेलची रचना विशिष्ट माणसांना वाटून द्यावी लागते. समजा, धुनेत शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम लागोपाठ येतात आणि दोन्ही घंटा एकाच मुलीकडे आहेत. तिच्या दुसऱ्या हातात पंचमही आहे. मग तिला एक घंटा ठेवून दुसरी उचलायला वेळ लागणार. तेवढा वेळ रचनेत नसेल तर एकतर सूर शेजारच्याकडे द्यायचा, नाहीतर धून बदलायची. कोणता मुलगा चटपटीत आहे, कोणाचा हात जड आहे, कोणाला खालच्या मोठ्या घंटेचं वजन पेलतं, कोण मोजण्यात चुकतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला अशी रचना करता येत नाही. ही सगळी माहिती वर्गावर उभ्या असलेल्या माणसाकडेच असते. छापील रचनाही मिळतात, शेकड्यांनी मिळतात. पण त्या घेऊनही शिक्षकाला सूर पुन्हा वाटावे लागतात, दोन सूर गाळावे लागतात, एक वाढवावा लागतो. म्हणजे रचना करणं त्याला चुकत नाही. फक्त त्याला रचना म्हणायचं की तडजोड, एवढाच प्रश्न उरतो.

तडजोड म्हणणाऱ्यांचा आक्षेप जुना आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी केलेलं काम दुय्यम, गरजेपुरतं, खरी कला वेगळी, असं ते सांगतात. इतिहास या मताच्या बाजूने उभा राहत नाही. विवाल्दी १७०३पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथालयात व्हायोलिनचे शिक्षक होते आणि त्यांच्या कितीतरी रचना तिथल्या मुलींसाठी आहेत. बाख १७२३ ते १७५० लाइपझिगच्या टॉमस शाळेचे कांटोर, म्हणजे संगीताचे मास्तर होते. मराठी वाचकाला त्याहून जवळचं वाटावं असं उदाहरण गुस्ताव होल्स्ट यांचं आहे. ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावाव्यात म्हणून त्यांनी स्वतः संस्कृतचे धडे घेतले, महाभारतातल्या सावित्रीवर १९०८ साली एक छोटा ऑपेरा लिहिला, आणि १९०५पासून १९३४ साली मरेपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत ते संगीत शिकवत राहिले. त्या शाळेच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेला ‘सेंट पॉल्स स्वीट’ आज जगभरचे व्यावसायिक वाद्यवृंद वाजवतात. मुलींना झेपेल असं लिहायचं ही अट त्या रचनेच्या आड आली नाही. उलट कुठे मोकळ्या तारेचा सूर घ्यायचा, कुठे सगळ्यांना एकत्र धावू द्यायचं, ही तिची बांधणी त्या अटीतून आलेली आहे.

होल्स्ट यांची मुलगी इमोजेन हीही शिक्षिका. तीही भारताकडे ओढलेली; १९५०-५१च्या हिवाळ्यात ती शांतिनिकेतनात राहून आपलं संगीत शिकली. पुढे ती संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची सहायक झाली आणि हँडबेलच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग तिच्या डोळ्यांसमोर घडला. ब्रिटन तेव्हा नोहाच्या नौकेवरची रचना लिहीत होते, ‘नॉयज फ्लड’. व्यावसायिक मोजके, बाकी सगळी मुलं, आणि प्रयोग चर्चमध्ये किंवा सभागृहात करायचा, नाट्यगृहात नाही, अशी त्यांची योजना होती. पावसाचे पहिले थेंब कशाने वाजवायचे हे त्यांना सुचत नव्हतं. युद्धाच्या काळात इमोजेनने गावातल्या बायकांच्या मंडळाला तालवाद्यं शिकवली होती. तिने ब्रिटनना आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि दोरीला ओळीने अडकवलेल्या चिनी मातीच्या मगांवर लाकडी चमचा मारून दाखवला. ते मग रचनेत आले. ऑल्डबरा या त्यांच्या गावच्या युवक मंडळातली काही पोरं हँडबेल वाजवत होती. ब्रिटननी ते ऐकलं आणि घंटांनाही जागा दिली. १८ जून १९५८ला ऑरफर्डच्या चर्चमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा शाळकरी मुलांच्या हातातल्या घंटा इंद्रधनुष्य उगवतं तिथे वाजल्या. सबंध रचनेत तोपर्यंत न ऐकलेला आवाज तिथे पहिल्यांदा येतो, आणि हे स्थान ब्रिटननी नवशिक्या हातांना दिलं. विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या सर्वांत नामवंत संगीतकाराला या दोन्ही जागा सापडल्या त्या एका शिक्षिकेच्या वर्गातल्या युक्तीमुळे आणि गावातल्या पोरांच्या सरावामुळे.

त्याच वर्षी, दोन महिने आधी, एप्रिल १९५८मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात अँथनी गोन्साल्विस यांच्या इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रयोग झाला. शंभरावर वादक, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे आवाज, आणि राग सारंगवर बेतलेला व्हायोलिनचा कंचेर्तो. गोन्साल्विस दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तिथल्या चर्चचे मेस्त, म्हणजे वादक, गायक आणि मुलांचे संगीतमास्तर. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांची परंपरा सोळाव्या शतकापासूनची. तिथे मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जाई. मेस्त जसा शिकवी तसाच लिहीही. उपवासाच्या काळात गायचे मोतेत अनेक ठिकाणी त्यानेच रचलेले असत, आपल्या गावात किती व्हायोलिनं आहेत, बासला कोण उभा राहील, याचा हिशोब करून. या शाळांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीला तीन पिढ्यांचे वादक आणि संयोजक पुरवले. गोन्साल्विस त्यांतले. राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. प्यारेलालनी १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं आणि ते देशभर झालं. गाणं सगळ्यांना माहीत आहे. रागाला वाद्यवृंदात आणण्यासाठी या शिक्षकाने काय लिहिलं, ते फार थोड्यांनी ऐकलं आहे. १९६०च्या दशकात ते अमेरिकेला गेले, परतल्यावर गोव्यात राहिले आणि २०१२ साली वारले. ब्रिटनच्या रचनेला छापील प्रत, महोत्सव आणि शाळा मिळाल्या, म्हणून ती अजून वाजते. आपल्या माणसाच्या रचनेला हे तिन्ही मिळालं नाही. मला ही खंत मोठी वाटते, आणि तिचं कारण गुणवत्तेत नाही, व्यवस्थेत आहे.

यावर कुणी म्हणेल, गोव्याच्या मेस्ताची गोष्ट वेगळी; हिंदुस्थानी संगीतात गुरूने परंपरेतली चीज जशीच्या तशी पोचवायची असते, स्वतःचं घालायचं नसतं. हे अर्धवट खरं आहे. पंडित भातखंडे यांनी रागाचे नियम विद्यार्थ्याच्या तोंडी बसावेत म्हणून लक्षणगीतं स्वतः रचली, ‘चतुर’ या मुद्रेने. त्या रचना शिकवण्याच्या गरजेतून आल्या आणि आज शिकवण्याच्या परंपरेचा भाग आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईला आणलं, वर्ग भरवले, स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तकं लिहिली. एका गुरूसमोर एक शिष्य ही बैठक मोडून त्यांनी एका शिक्षकासमोर पंधरा मुलं बसवली, तेव्हाच समूहासाठी लिहिण्याची गरज जन्माला आली. पण पुढे वर्ग राहिला, परीक्षा वाढल्या, आणि समूह असूनही प्रत्येक मूल एकेकटंच तयार होऊ लागलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा एकट्या विद्यार्थ्याच्या असतात. त्यांत वाईट काही नाही. हजारो घरांत राग त्यांनीच पोचवला. पण शाळेच्या वर्गात चाळीस मुलं असतात, आणि चाळीस मुलांनी एकदम तेच गाणं म्हणणं यापलीकडे त्यांना देण्यासारखं शिक्षकाजवळ काही उरत नाही, कारण त्यांच्यासाठी कुणी लिहिलेलं नाही आणि त्याने लिहावं अशी अपेक्षाही नाही.

याला आपल्याकडेच एक ठसठशीत अपवाद आहे. १९१८च्या सुमारास मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलं जमवली, त्यांना वाद्यं शिकवली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. रचना त्यांच्याच. हवं ते वाद्य नव्हतं तेव्हा त्यांनी बंदुकीच्या नळ्या सुरात कापून नलतरंग बनवला. ज्यांच्या हाताखालून रवि शंकर आणि अली अकबर निघाले त्या गुरूला गावातल्या पोरांसाठी लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही. मैहरचा वाद्यवृंद त्यांच्यामागेही चालू राहिला.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. घंटेवर मींड येत नाही. टोला पडला की सूर तिथेच, ना वर जात ना खाली. शिवाय ही घंटा समान अंतरांच्या पाश्चात्त्य सप्तकात लावलेली. मग तिच्यावर राग कसा यायचा? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तो आपण याआधी दोनदा ऐकला आहे. हार्मोनियमबद्दल हेच म्हटलं गेलं आणि १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली. ती बंदी तीन दशकं राहिली. त्या काळात मराठी रंगभूमी पेटीवरच उभी होती आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला बोलायला लावलं होतं. १९५५ साली शिवकुमार शर्मा मुंबईत संतूर घेऊन आले तेव्हाही मींड कुठे आहे, असं विचारलं गेलं. त्यांनी वाद्यात बदल केले, कलम तारेवर सरकवायची रीत काढली. घंटेवर असं काही सरकवता येणार नाही, हे मान्य. म्हणून घंटेवर ख्याल वाजवण्याचा दावा कुणी करू नये. रागाच्या सुरांत आणि चलनात बांधलेली समूहधून हे वेगळं काम आहे. शाळेतल्या प्रार्थना, बँडवरची संचलनं, जलतरंगावरच्या गती आपण याच नात्याने ऐकतो. मर्यादा ओळखून लिहिणं हेच तर रचनाकाराचं काम, आणि ती मर्यादा रोज हाताळणारा माणूस शिक्षकच.

दुसरा आक्षेप असा की ज्या मुलाच्या वाट्याला दोनच सूर येतात ते काय संगीत शिकणार? खरं तर त्याला सगळी धून कानात ठेवावी लागते, नाहीतर आपली पाळी कधी हेच कळत नाही. दोन टोल्यांमधल्या अकरा मात्रा त्याने मनात मोजायच्या आणि बाराव्या मात्रेला नेमकं असायचं. आपल्या सामूहिक वादनात, वारीतल्या टाळांत, लेझमीत, ढोल-ताशांच्या पथकांत, सगळे एकच बोल वाजवतात. एखाद्याचा हात चुकला तरी बाकीचे ते झाकून नेतात. तिथली ताकद एकजुटीची आहे आणि तिचा आनंद मोठा आहे. घंटांच्या चमूत एक मूल गैरहजर राहिलं तर धुनेला भोक पडतं. चुकीला आडोसा नाही, आणि म्हणूनच मागच्या बाकावरचं मूल इथे मागे राहत नाही.

हे चर्चचं वाद्य, ते आपल्या शाळांत कशाला, असंही विचारलं जाईल. ज्या समाजाने वसईच्या घंटा महादेवापुढे टांगल्या, ज्याने क्लॅरोनेट लग्नाच्या मिरवणुकीत आणि व्हायोलिन मैफलीत घेतलं, त्याला हा प्रश्न पडू नये. मीरा-भाईंदरमध्ये तर तो उलटाच आहे. उत्तन, डोंगरी या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाचं उंबराचं पाणी आणायला जाताना आजही बँड लागतो. पितळी वाद्यं, स्वरलिपी वाचणारी माणसं, चर्चमधली गायनमंडळं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्याच्या भोवती मीरा रोड आणि भाईंदरच्या इमारतींत देशभरातून आलेली माणसं आहेत. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. एका वर्गात मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी, तुळू बोलणारी मुलं शेजारी बसतात. शब्दांचं गाणं घेतलं की कुणाच्या तरी भाषेचं ते होतं. घंटेला शब्द नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. ओतीव, सुरात लावलेल्या घंटांचा परदेशी संच सामान्य शाळेच्या आवाक्याबाहेर आहे, यात शंका नाही. पण इंडोनेशियात हाच प्रश्न एका शाळामास्तराने सोडवला. अंगक्लुंग हे बांबूच्या नळ्यांचं जुनं सुंदानी वाद्य. एक अंगक्लुंग म्हणजे एक सूर, हलवला की तो वाजतो. १९३८ साली पश्चिम जावातले शिक्षक दाएंग सुतिग्ना यांनी पारंपरिक स्वरांऐवजी तो सा रे ग म प ध नीच्या सप्तकात लावला, म्हणजे शाळेतल्या मुलांना कोणतीही चाल वाटून देता येईल. त्यांच्या शिष्याने, उजो न्गालागेना यांनी, १९६६ साली बांडुंगला त्याचं केंद्र उभं केलं. आज तिथे शेकडो प्रेक्षकांच्या हातात एकेक अंगक्लुंग देऊन अर्ध्या तासात धून वाजवून घेतात, आणि २०१० साली युनेस्कोने या वाद्याची वारशात नोंद केली. तत्त्व हँडबेलचंच, साहित्य बांबू. मैहरला बंदुकीची नळी, ऑल्डबराला चहाचे मग, बांडुंगला बांबू. शिक्षकाला सूर कापता आला आणि वाटता आला की धातू कोणता हा प्रश्न मागे पडतो. कोकणात बांबूला तोटा नाही, आणि भाईंदरच्या कारखान्यांत पाइप कापून देणारे कमी नाहीत.

मग सुरुवात कोणत्या रागाने करायची? सहज सुचतो तो भूप, कारण पाचच सूर आणि सगळे शुद्ध. पण इंग्लिश पद्धतीच्या हँडबेलमध्ये मूळ सुराबरोबर त्याचा वरच्या सप्तकातला पंचम ठळक ऐकू येतो; ती तशीच लावलेली असते. सा वाजला की प निघतो, रेमधून ध, पमधून रे, धमधून ग. हे सगळे भूपात आहेत. गमधून मात्र नी निघतो, आणि भूपात नी वर्ज्य. त्यातून ग हा भूपाचा वादी, पुन्हा पुन्हा येणारा, लांबवायचा सूर. म्हणजे जितका भूप रंगवावा तितका वर्ज्य सूर कानाशी येणार. देशकारात सूर तेच पाच, पण वादी ध, आणि धमधून निघतो तो ग, रागातलाच. शिवाय देशकार सकाळचा राग, शाळा भरते त्या वेळेचा. त्याचा भर वरच्या अंगावर आहे आणि लहान, हलक्या घंटा तिथल्याच. सा रे, ग प, ध आणि तार सा, तार रे आणि तार ग अशा आठ घंटा चार मुलांना पुरतात. सा आणि प यांच्या घंटा मोकळ्या सोडाव्यात, त्यांचा आस तंबोऱ्याचं काम करील. रे आणि ग खांद्याला टेकवून लगेच मिटवावेत, म्हणजे रे पुसट राहील आणि गचा नीही पुढे येणार नाही. ‘ग प ध प’ या तुकड्यात दुसऱ्या मुलाचे तीन टोले आणि तिसऱ्याचा एक; ‘प ध सां’मध्ये तिसऱ्याचे लागोपाठ दोन, दोन्ही हातांनी. सगळ्यात जास्त काम या तिसऱ्याचं. ते कोणाला द्यायचं, हे ठरवल्यावरच लय ठरवावी आणि मग तुकडे लिहावेत. वर्गात चाळीस मुलं असतील तर असे दहा गट करावेत आणि दर आठवड्याला घंटा एकेक जागा पुढे सरकवाव्यात, म्हणजे महिन्याभरात प्रत्येकाच्या हाती एकदा ध येईल.